बालककेंद्री शिक्षणातले बालक कोणाचे?

१

मराठीत बालशिक्षणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनात एक शब्द पानोपानी भेटतो : 'बालक'. हे बालक जिज्ञासू असते, निरागस असते, त्याला मातीत खेळायला आणि फुलपाखरामागे धावायला आवडते, आणि मोठ्यांनी त्याला मोकळे सोडले की ते आपले आपण शिकते. या बालकाला नाव नसते; आडनाव तर नसतेच. ते कोणत्या वस्तीत राहते, त्याची आई पहाटे किती वाजता कामावर निघते, त्याच्या खोलीत किती माणसे झोपतात, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. आडनाव कळल्याशिवाय ज्या समाजात पाण्याचा पेला पुढे होत नव्हता, त्या समाजातले हे बिनआडनावाचे बालक म्हणजे एक मोठे कल्पित आहे. या कल्पिताची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न आता केवळ साहित्याचा राहिलेला नाही. मुलाने कृतीतून, शोधातून आणि स्वतःच्या अनुभवातून शिकावे, शाळा बालस्नेही आणि बालककेंद्री असावी, असे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमातच लिहिलेले आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा 'पायाभूत' म्हणून वेगळा काढला आणि खेळ हेच त्या टप्प्याचे मुख्य माध्यम ठरवले. म्हणजे प्रयोगशील मंडळींचे स्वप्न आता सरकारी परिपत्रकाची भाषा झाली आहे. सगळेच ज्याच्या बाजूचे झाले, त्याच्याकडे आपण अधिक सावधपणे पाहिले पाहिजे.

परळ-लालबागच्या पट्ट्यातील शाळांत पहिली ते तिसरीच्या वर्गांवर मी बरीच वर्षे काढली आहेत. मुलांना हात बांधून, तोंड मिटून बसवणाऱ्या शिक्षणाची मी शत्रू आहे. तेव्हा माझा आक्षेप कृतीला नाही, खेळाला तर नाहीच. कृती कोणाची, ती कोणाच्या खर्चाने होते आणि तिच्या शेवटी मुलाच्या हाती काय पडते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझा आक्षेप त्याला आहे.

२

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा एक प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवला आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. या मुलाचा हात फळ्याला लागण्याआधी ते डबे धडाधड बाजूला फेकले गेले. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत हाच मुलगा घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळा बसत होता.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. तो शिक्षणशास्त्राचाही दाखला आहे. कृतियुक्त शिक्षण म्हणजे शेवटी काय? जागेवरून उठणे, फळ्याजवळ जाणे, वस्तू हातात घेणे, ती दुसऱ्याच्या हातात देणे, चारजणांत मिसळून काही करणे. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि बोटातून अक्षर शिकते. स्पर्श हे या सगळ्या शिक्षणविचाराचे भांडवल आहे. ज्या समाजाने स्पर्शालाच गुन्हा ठरवले होते, त्या समाजात हा विचार आला. त्याने सर्वांत आधी स्पर्शाच्या प्रश्नाला भिडायला हवे होते. तो भिडला नाही असे सरसकट म्हणता येणार नाही. पण त्याच्या साहित्यात हा प्रश्न मध्यभागी कधी आला नाही, हे म्हणावेच लागेल.

दलित मूल वर्गात गप्प बसले, कोपऱ्यात बसले, त्याने हात वर केला नाही, याचे खापर घोकंपट्टीवर फोडता येत नाही. ही निष्क्रियता पद्धतीतून आली नव्हती, ती हुकमाने लादलेली होती. आणि शाळेने दलित मुलाला कृती दिलीच नाही असेही नाही. ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथनात हेडमास्तर लहानग्या विद्यार्थ्याच्या हाती झाडू देतो आणि वर्ग चालू असताना त्याच्याकडून शाळेचे आवार झाडून घेतो. हीही कृतीच होती. म्हणून 'कृती' हा शब्द ऐकला की आपण लगेच टाळी वाजवू नये. कोणाला खडू मिळतो आणि कोणाला झाडू, हे आधी पाहावे.

जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शाळेतले शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांत मिसळणारे असावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज न वाटणारे असावेत, अशी त्यांची मागणी होती. अभ्यासक्रमात त्यांनी शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले. पण त्याआधी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब मागितला. श्रमाची लाज नको आणि अक्षराची उधारीही नको, ही दुहेरी मागणी मला बालशिक्षणावरच्या पुष्कळ जाड ग्रंथांपेक्षा अधिक नेमकी वाटते.

मुंबईत ज्या दोन वॉर्डांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९२५ साली आधी आले, ते एफ आणि जी वॉर्ड होते, म्हणजे परळ, दादर, वरळी हा कामगारांचा मुलूख. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारला ऐकवले. सरकार शिक्षणावर दर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दर माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही सांगितले. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा उद्देश मानला. मूल शाळेत किती रमले यापेक्षा त्याच्याजवळ काय टिकले, हे माप त्यांनी लावले. माझ्या मते आजही कोणत्याही शिक्षणपद्धतीला हेच माप लावले पाहिजे.

३

आता त्या साहित्याकडे वळू. गिजुभाई बधेका यांचे मूळ गुजराती 'दिवास्वप्न' मराठी शिक्षकांत आजही वाचले जाते. एका शिक्षकाला शिक्षणाधिकारी वर्षभर प्रयोगाची मुभा देतो, आणि तो चौथीचा वर्ग गोष्टींनी, खेळांनी, पुस्तकांनी बदलून टाकतो. पुस्तक जिवंत आहे, आणि गोष्ट सांगून वर्ग ताब्यात घेण्याची त्यातली युक्ती मी स्वतः कैकदा वापरली आहे. पण या स्वप्नाचा पाया अधिकाऱ्याच्या कृपेवर आहे. मुभा वरून येते. वस्ती, पालक, मुलांचे आईबाप हे या प्रयोगाचे मालक कुठेच नाहीत. त्यांना समजावून सांगायचे असते, सुधारायचे असते. शिक्षकाने मुलांची स्वच्छता तपासणे हे त्यातले एक आरंभीचे काम आहे. ज्यांच्या पिढ्या 'अस्वच्छ' या एका शब्दाखाली गावाबाहेर काढल्या गेल्या, त्यांना ही तपासणी कशी वाटत असेल, याचा विचार वाचकाने करावा.

ताराबाई मोडक यांचे काम अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून अधिक आदराने तपासण्याजोगे आहे. गिजुभाईंबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारल्यानंतर दहा वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. त्याच दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे 'राजगृह' त्या सुमाराला उभे राहिले होते. पांढरपेशा दादरात चाललेली शाळा सोडून १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी बालवाडीच हरिजनवाड्यातल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा घडला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला. आज अंगणवाडी म्हणताना कोणाला आठवतही नाही की या शब्दाच्या पोटात गावाची शीव आहे. मुलांना बालवाडीपर्यंत येता येत नव्हते म्हणून ते अंगण शोधावे लागले.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली; मुलांना गुरांपासून तोडण्याऐवजी शाळाच कुरणात गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी आली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी एकटी शाळेत येऊच शकत नव्हती. मुलाच्या जगण्याची अट ओळखून शाळेची रचना बदलणे हे या कामाचे खरे थोरपण आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढची टीका करण्याचा मला अधिकार नाही.

टीका अशी : कोसबाडचे शास्त्र गेले आणि खडे-बिया उरल्या. आजच्या प्रशिक्षणवर्गांत कोसबाडची आठवण निघते ती 'टाकाऊतून टिकाऊ' साधनांसाठी. मुलीला धाकटे भाऊ का सांभाळावे लागते, तिच्यासाठी शाळेची वेळ आणि जागा का बदलू नये, हा प्रश्न प्रशिक्षणात येत नाही. आणि ज्या सेविकेच्या जिवावर अंगणवाडी चालते, तिला पगार नव्हे तर 'मानधन' मिळते. तीन ते सहा वर्षांचे वय हा शिक्षणाचा पाया म्हणायचे आणि तो पाया घालणाऱ्या बाईला कामगार म्हणायचे नाही, हा दुटप्पीपणा कोणत्याही खेळण्याने झाकला जात नाही.

४

बालशिक्षणाच्या साहित्याची दुसरी बाजू आपल्याकडेच आहे, पण आपण ती त्या नजरेने वाचत नाही. दलित आत्मकथने ही बालपणाची आणि शाळेची कथने आहेत. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७). समीक्षेने यांत वेदना पाहिली, विद्रोह पाहिला, भाषा पाहिली. शिक्षणशास्त्र पाहिले नाही.

'बलुतं'मधला मुंबईचा कावाखाना घ्या. तिथल्या बायका रस्त्यारस्त्यांतून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे गोळा करून आणतात, त्यांची निवड करतात आणि विकतात. आता मॉन्टेसरीच्या वर्गात जा. तिथे मूल रंगीत मणी रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे वेगळे करते, आणि बाई वहीत नोंद करतात : वर्गीकरणाचे कौशल्य विकसित झाले. कावाखान्यातल्या मुलाने हे कौशल्य उकिरड्यावर मिळवले होते, पण त्याच्या नावावर त्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. त्याला शाळेने 'मागासलेला' म्हटले. तेव्हा दलित मूल कृती करत नाही, त्याला अनुभव कमी पडतो, हे शिक्षणाधिकाऱ्यांचे आवडते विधान खोटे आहे. त्याला अनुभव फार आहे. त्या अनुभवाला अक्षरात आणि अंकात बदलून देणारा माणूस त्याला मिळालेला नाही.

मात्र इथेच दुसरा खड्डा आहे आणि आपल्यातले काही जण त्यात आनंदाने उडी मारतात. कष्ट हेच शिक्षण, रस्ता हीच शाळा, अशी भाषा सभेत टाळ्या घेते. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाचे नाव असेच सोयीने वापरले जाते. सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग परीक्षा देऊन शिक्षक झाले, हे सांगायचे मात्र राहते. रस्त्याने त्यांना पुष्कळ दिले. पण वर्गाच्या दाराबाहेरून वर्गाच्या आत त्यांना रस्त्याने नेले नाही, परीक्षेने नेले.

श्रमातून शिक्षण या कल्पनेचा राजकीय उपयोग कसा होतो, हे इतिहासात नोंदलेले आहे. १९३७च्या वर्धा परिषदेतून हस्तोद्योगाभोवती गुंफलेली नई तालीम पुढे आली. तिच्यात हाताच्या कामाला मान देण्याचा हेतू होता, हे खरे. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ रोज तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा असे ठरवले, तेव्हा द्रविड चळवळीने त्याला सरळ 'कुलकल्वी' म्हटले, म्हणजे कुळाचे शिक्षण. आंदोलन पेटले, आणि १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. ज्याच्या बापाचा धंदा वकिली आहे, त्याला ही योजना चालते. ज्याच्या बापाच्या हातात झाडू आहे, त्याला ती जन्मठेप आहे. मुलाच्या परिसरातून शिकवा, असे आज प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. मी त्याला एक वाक्य जोडते : परिसरातून सुरुवात करा, पण त्याला परिसरात कोंडून ठेवू नका.

५

हे कसे करायचे, याचे एक उदाहरण माझ्या वर्गातले देते. तिसरीत एक मुलगी होती. तिची आई दादरच्या फुलबाजारातून फुले आणून गजरे करून विकायची, आणि सुट्टीच्या दिवशी मुलगी आईशेजारी बसायची. मी तिला तोंडी विचारले, पंधराचा एक असे तीन गजरे घेतले, शंभरची नोट दिली, परत किती देशील? तिने क्षणात सांगितले, पंचावन्न. पाटीवर तेच गणित मांडले, शंभर वजा पंचेचाळीस. तिने उत्तर लिहिले १४५. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून ती मोकळी झाली होती.

मी विचारले, "गिऱ्हाइकाला एकशे पंचेचाळीस परत देशील का गं?"

ती हसली. "न्हाई बाई. ते बाजारातलं, हे शाळंतलं."

या एका उत्तरात आपल्या शिक्षणाची सगळी समीक्षा आहे. ती अडाणी नव्हती, निष्क्रिय नव्हती, तिला गणिताची भीतीही नव्हती. तिला फक्त पक्के कळले होते की शाळेत जे चालते त्याचा खऱ्याशी संबंध नसतो. आणि ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत १९८५ साली संशोधकांनी हेच दाखवले होते. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले अवघड व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या मांडणीतली साधी उदाहरणे त्यांना जड जात होती. त्याच अभ्यासात शाळेतल्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते. म्हणजे दोन्हीकडचे तुटलेलेच.

मी कागदाच्या नोटा केल्या. शंभराची एक नोट तिच्या हाती दिली आणि पंचेचाळीस मागितले. तिने आपोआप म्हटले, सुट्टे नाहीत. मग ती नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा सुटे रुपये घेतले. प्रत्येक मोडीला पाटीवर खूण केली. बाजारात ज्याला सुट्टे करणे म्हणतात, तेच शाळेत वरच्या घरातून दशक मोकळा करणे आहे, हे तिला चार दिवसांत उमगले. पाचव्या दिवशी मी नोटा काढून घेतल्या. तिने नुसत्या अंकांवर वजाबाक्या केल्या, आणि मी तिच्याकडून रोज दहा अशा पंधरा दिवस करून घेतल्या.

या शेवटच्या पंधरा दिवसांबद्दल बालककेंद्री साहित्य बहुधा बोलत नाही. नोटांचा खेळ फोटोत छान दिसतो, सरावाची पाटी दिसत नाही. पण नोटा काढून घेण्याचा दिवस आला नाही, तर मूल नोटांपाशीच राहते. कृती हा जिना आहे, आणि जिन्यावर कोणी बिऱ्हाड करत नाही.

६

आज कृतीच्या नावाने काय चालते? प्रकल्प. परळ-लालबागच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चित्रांचे तयार तक्ते मिळतात. प्रकल्प द्यायचा शाळेने, विकत आणायचा आईने, चिकटवायचा मोठ्या बहिणीने आणि शेरा मिळायचा मुलाला. ज्या घरात कार्डपेपरला पैसे नाहीत, त्या घरचे मूल पुन्हा 'निष्क्रिय' ठरते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्यांचा, कोड्यांचा, चित्रपुस्तकांचा संच प्रसिद्ध केला. संच चांगला असेल. पण पेटी उघडायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते यांतून वेळ मिळावा लागतो.

घराची गोष्ट याहून कठीण. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची असे. अशा खोल्यांत गिरणगावाच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या पिढ्या वाढल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो मोडत गेला तसा या खोल्यांतल्या कितीतरी मुलांचा अभ्यासही मोडला. बाबासाहेब परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत वाढले. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवत, असे चरित्रकार सांगतात. हे आपण जिद्दीची कथा म्हणून मुलांना ऐकवतो. मला त्यात दुसरेही दिसते : एका मुलाच्या अभ्यासासाठी एका मोठ्या माणसाला झोप सोडावी लागत होती. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आजच्या आईने ती झोप कुठून आणायची?

म्हणून जेव्हा एखादी आई मला म्हणते, "बाई, खेळ तर ती गल्लीत पण खेळते, शाळेत तिला लिहायला शिकवा," तेव्हा तिला पालकसभेत अज्ञानी ठरवण्याचा मला संताप येतो. ती अज्ञानी नाही. ती हिशेब करते आहे. सुखवस्तू घरात वाचन-लेखन घरीच होते, शाळेत खेळले तरी चालते. तिच्या मुलीला अक्षर मिळण्याची जागा एकच आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी १९७०च्या दशकात हेच दाखवले : ज्या शिक्षणात काय शिकायचे हे उघड सांगितले जात नाही, ते मध्यमवर्गीय मुलांना फळते, कारण न सांगितलेले त्यांना घरी कळते. अमेरिकेत लिसा डेल्पिट या काळ्या शिक्षिकेने १९८८ साली गोऱ्या पुरोगामी शिक्षकांना असाच जाब विचारला : सत्तेचे नियम आमच्या मुलांना स्पष्ट शिकवा, ते आपोआप उमलतील असे म्हणू नका. आमच्या आईचे म्हणणे या दोघांपेक्षा वेगळे नाही. तिने ते एका वाक्यात सांगितले, इतकेच.

पण ती आई घोकंपट्टीच्या इंग्रजी शाळेकडे धाव घेते, तिथेही तिची फसवणूक होते. न समजता पाठ केलेले इंग्रजी चौथीपर्यंत निभावते, पुढे नाही. तिच्यापुढे दोनच दारे ठेवली आहेत : अक्षराविना खेळ, किंवा अर्थाविना अक्षर. तिसरे दार उघडणे हे आपले काम आहे.

भाषेचेही असेच. मूल 'हाय' म्हणते, 'न्हाई' म्हणते, 'पानी' म्हणते. बोलायला उठलेल्या मुलाला पहिल्याच शब्दाला दुरुस्त केले की ते पुन्हा उठत नाही. मग कृतीचे कितीही तास ठेवा. त्याने आधी त्याच्या बोलीत सांगावे, मी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे, त्याने ते वाचावे, आणि मग त्याच्या शेजारी पुस्तकातली भाषा यावी. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९७८ पासून दलित वस्तीतल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याचे काम उभे केले, ते मुलाची बोली आणि वाचनाचा पद्धतशीर पाया यांची अशी सांगड घालूनच. प्रमाणभाषा हीसुद्धा मुलाचा हक्क आहे. पण ती त्याच्या जिभेवर पाय देऊन शिकवता येत नाही.

७

शेवटी आपल्या चळवळीविषयी. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि महार हॉकी क्लबही काढला. वाचन आणि खेळ या दोन शत्रुपक्षांत वाटायच्या गोष्टी आहेत, असे बाबासाहेबांना वाटत नव्हते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. त्या ब्लॅक पँथरने १९६९ पासून मुलांना सकाळची न्याहारी दिली आणि १९७३ ते १९८२ या काळात ओकलंडला स्वतःची प्राथमिक शाळा चालवली. आपण नाव घेतले, आवेश घेतला. शाळा तिकडेच राहिली. आपल्या साहित्यानेही सहा-सात वर्षांच्या मुलाने हातात धरावे असे फार थोडे लिहिले. आपली मुले आपल्या बापजाद्यांना चाळिसाव्या पानावरच्या तळटीपेत भेटतात, पहिलीच्या गोष्टीत भेटत नाहीत.

मागण्या स्पष्ट असाव्यात. दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता, लिहिता आणि हिशेब करता आला पाहिजे, आणि न आल्यास त्याचा जाब मुलाला नव्हे, शाळेला विचारला पाहिजे. साहित्य शाळेने पुरवावे, घरावर खर्च टाकू नये. अंगणवाडीच्या बाईला शिक्षिकेचा दर्जा आणि पगार मिळावा. बुद्धविहारे आणि समाजमंदिरे संध्याकाळी दोन तास पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी उघडी राहावीत, आणि तिथे एक वाचता येणारा माणूस रोज बसावा. जयंतीच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला लहानसा भागही याला पुरेल.

विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत जा, दुसरीच्या वर्गात एक तास बसा आणि तीन गोष्टी मोजा : किती मुले जागेवरून उठून फळ्यापर्यंत गेली, किती मुलांनी प्रश्न विचारला, आणि तास संपल्यावर किती मुलांना नवे वाक्य स्वतः वाचता आले. पहिल्या दोन संख्या मोठ्या आणि तिसरी लहान असेल, तर तिथे खेळ चालू आहे. तिसरी मोठी आणि पहिल्या दोन लहान असतील, तर तिथे दटावणी चालू आहे. तिन्ही मोठ्या होईपर्यंत शाळेच्या दारातून हलू नका.